मिठाचा कोनाडा

हे लिहायला बसलो तेव्हा हात पुढे होईना. मी लेखक नाही. आमच्या घरात सही करू शकणारा पहिला माणूस मी, आणि मला कॉलेजात जाऊन अजून फार वर्षं झालेली नाहीत. ज्यांचं लिहिणं छापून येतं त्यांच्या शेजारी बसायची आपली लायकी नाही, हे मला कळतं. शुद्धलेखनही कच्चंच आहे, एक शब्द सोडून. तो शब्द पुढे येईलच. वाचणाऱ्यांनी माझा आगाऊपणा पोटात घालावा. पण ज्यांनी आमची नावं रजिस्टरात लिहिली त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती, तेव्हा मीही फार वेळ मागत नाही.

आमचं गाव घनसावंगीकडचं. गोदावरी जवळ, तिला आम्ही गंगाच म्हणतो. बानं आणि आमच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा मी झोळीत होतो. घरातले देव टोपलीत घालून बा गंगेत सोडून आला. देव गेले, भिंतीतला त्यांचा कोनाडा राहिला. बा तो विटांनी बुजवणार होता. माय म्हणाली, "बुजवता कशाला? मिठाला जागा न्हाई घरात." तेव्हापासून त्या कोनाड्यात मिठाची बरणी, चटणीचा डबा आणि घासलेटची चिमणी. शेजारी माझा काका राहतो, बाचा धाकटा भाऊ. काकूचं मीठ संपलं की ती तिथूनच मूठभर घेऊन जाते.

मागच्या शिरगणतीला मोजायला आलेल्या गुरुजींनी आमच्या घरापुढे 'हिंदू' लिहिलं होतं. बा वस्तीच्या टोकापर्यंत त्यांच्या मागं मागं गेला, त्यांना परत दारात घेऊन आला आणि 'बौद्ध' लिहायला लावलं. गुरुजी वैतागले. "काय फरक पडतो रे बाबा?" बा म्हणाला, "पडत न्हाई ना? मंग लिव्हा की." त्यानंतर थोड्याच दिवसांनी बा गेला. घरात मी आणि माय राहिलो.

मग आणीबाणी आली, आणि तोच शब्द लिहून घ्यायला सरकार आपल्या पायांनी आमच्या दारात आलं.

ठाण्यात एक नवं रजिस्टर उघडलं होतं. कोणतं ठाणं ते लिहीत नाही. बौद्ध वस्त्यांतली पोरं जमतात, सभा घेतात, असं कुणीतरी वर कळवलं होतं म्हणे. म्हणून वस्तीतल्या प्रत्येक घरापुढे धर्म लिहायचा, आणि 'बौद्ध' निघेल त्याच घराचं नाव लावायचं. घरात माणसं कोण, कामाला कुठं जातात, पाहुणे कुठले येतात, आणि खाली अंगठा. एकदा नाव लागलं की घरातल्या कर्त्या पुरुषानं दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची. गावाबाहेर मुक्काम करायचा तर विचारून करायचा. आणि अशा घरातल्या कुणालाही चालचलणुकीचा दाखला द्यायचा नाही.

मी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आल्तो. आमच्या घरातला कर्ता पुरुष आता मीच. जालन्याच्या कॉलेजनं पुढच्या वर्षीच्या वसतिगृहासाठी तोच दाखला मागितला होता. दाखला नाही तर खोली नाही. माय दुसऱ्याच्या कापसात रोजानं जायची. जालन्यात खोली भाड्यानं घ्यायची ऐपत आमच्यात नव्हती. म्हणजे रजिस्टरात नाव लागलं की माझं कॉलेज संपलं, इतकं ते सरळ होतं.

गावचे पोलीस पाटील आदल्या दिवशी वस्तीत येऊन हे सगळं सांगून गेल्ते. ते मराठा शेतकरी, माणूस वाईट नाही. जाता जाता हळूच म्हणाले, "ज्याला नको असंल त्यानं जुनी जात सांगावी. 'हिंदू' लिव्हलं की नाव लागत न्हाई."

सकाळी ठाण्याचा जमादार आला, रजिस्टर घेऊन. बरोबर पोलीस पाटील. काकाचं घर पहिलं. काकाच्या पोरीचं लग्न महिन्यावर आलेलं, वऱ्हाड परगावहून येणार. पाहुण्यांच्या दारात पोलीस नकोत म्हणून काकानं खाली बघत जुनी जात सांगितली. जमादारानं 'हिंदू' लिहिलं. माय भाकरी थापत ऐकत होती.

आमच्या दारात जमादार आला, पण त्यानं विचारलंच नाही. आत डोकावला, काळवंडलेला कोनाडा पाहिला, त्यात चिमणी पाहिली, खाली सांडलेलं लालभडक काहीतरी पाहिलं, लिहिलं आणि पुढे चालू लागला. पाटील मागं वळून मायला म्हणाले, "सुटलात बाई तुमी. 'हिंदू' लिव्हलं."

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आपण काही खोटं बोललो नाही, ते आपोआपच झालं, असं मनात आलं. तेवढ्यात माय पिठाच्या हातांनीच बाहेर पडली.

"ओ जमादार सायेब, थांबा जरा. कशावरून लिव्हलं?"

"देव्हारा हाय की घरात. दिवा हाय, कुकू हाय."

"कुकू?" मायनं पदर कमरेला खोचला. "अवो, चटणी हाय ती! आन् देव न्हाई, मीठ हाय तिथं. आजपसून मिठाला पाया पडू का काय आमी?"

सगळी वस्ती हसली. आपल्या दारात उभा असलेला काकासुद्धा हसला आणि मग आत वळला.

जमादार चिडला नाही. जवळ येऊन आवाज उतरवून म्हणाला, "बाई, चुकून का व्हईना, तुझ्या भल्याचंच झालंय. पोरगं कालेजात हाय न्हवं? ऱ्हाऊ दे तसंच."

"मी अडाणी हाय," माय म्हणाली. "घरचा कर्ता त्यो हाय. त्याला इचारा."

जमादार माझ्याकडे वळला. "काय रे कालेजवाल्या, काय लिव्हू?"

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्या पेनाकडे पाहत होती. मला वसतिगृहातली माझी खाट दिसली, खिडकीजवळची. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं की कुठला धर्म मानायचा हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पेपरात मी ते चांगलं लिहिलं होतं. पण तिथे समोर जमादार नव्हता.

"बौद्ध," मी म्हणालो. आवाज फुटला नाही.

"मोठ्यानं बोल की. कालेजात बी मुकाच बसतो का?"

"बौद्ध."

त्यानं 'हिंदू' खोडून वर लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं. न राहवून तोंडातून गेलंच. "सायेब, 'बौध' नाही. 'ध'च्या आधी अर्धा 'द' लागतो."

"काय?"

"लिहायचंच आहे तर बराबर लिहा."

पाटलांनी हसू लपवायला तोंड फिरवलं. जमादार म्हणाला, "लई शाना हाईस," पण अक्षर दुरुस्त केलं. मग शाईचा पॅड पुढे केला. मी म्हणालो, मला सही येते. तो म्हणाला, "ह्या रजिस्टराला सही चालत न्हाई." आयुष्यातला पहिला अंगठा मी त्या दिवशी दिला. माय शेजारून म्हणाली, "शिकून काय उपेग झाला मास्तर?" आणि हसली. मी पेन मागून घेतलं आणि अंगठ्याशेजारी, जागा नव्हती तिथे, सहीपण केली.

दाखला मिळाला नाहीच. कॉलेजच्या ऑफिसातल्या एका कारकुनांनी चांगल्या मनानं सुचवलं, "अर्ज कर. लिही की नाव चुकून लागलं." मी म्हणालो, "चुकून नाही लागलं, सर. आईनं लावून घेतलं." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि अर्जाचा कागद परत खणात ठेवला.

वसतिगृह गेलं. पण कॉलेज सुटलं नाही, कारण वर्गात भोकरदनकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा होता. जालन्यातच मस्तगडला त्याची भाड्याची एक खोली होती, दोघांना आडवं व्हायला जेमतेम पुरेल एवढी. "खोली घरमालकाची हाय, मी कोण न्हाई म्हननारा?" म्हणत त्यानं माझी ट्रंक आत ओढली. जालन्यात राहायला ठाण्यानं परवानगी दिली, पण सोमवारची हजेरी सुटली नाही. त्या दिवशी माझे तास बुडायचे, त्याच्या वहीतून मी उतरवून घ्यायचो. मी हजेरीला निघालो की तो ओरडायचा, "रजिस्टरात एखादी रिकामी ओळ असंल तर माझं बी घाल म्हन!"

हजेरीला आम्ही वस्तीतले बाकीचे सगळे असायचो. ठाण्याच्या ओट्यावर तासन् तास बसवून ठेवायचे. जमादार नावं पुकारायचा आणि प्रत्येक जण नावानंतर, विचारलं नसतानाही, मोठ्यानं "बौद्ध" म्हणायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं सुरू केलं आणि चालू राहिलं. जमादार म्हणायचा, "माहीत हाय रे!" तरी आम्ही म्हणायचो. काका तेवढा तिथे नसायचा. गावात तो माझ्या वाटेवर यायचं टाळायचा. त्याच्या पोरीचं लग्न पार पडलं, माय वाढायला गेली, काकू मीठ नेत राहिली. त्या शब्दाबद्दल दोन्ही घरांत कुणी बोललं नाही.

पुढे निवडणूक झाली, आणीबाणी उठली. हजेरी बंद झाली, पण रजिस्टराचं काय झालं ते कुणी सांगेना. ते असेल तोवर उद्या कुणीही ते पुन्हा उघडू शकतो, ही गोष्ट मनातून जात नव्हती. अजूनही पुरती जात नाही. धर्म पाहून माणसांची वेगळी वही घालणारं सरकार कोणतंही असो, त्याला मी घाबरतो, आणि घाबरत घाबरत का होईना, नाही म्हणणार आहे.

परवा जालन्याच्या एसटी स्टँडवर पाटील भेटले. जनावरांसाठी सरकी न्यायला आल्ते. चहा घेता घेता म्हणाले, "तुला कळलं न्हाई का? त्ये रजिस्टर बंद झालं. ठाण्याच्या सायबानं शेवटची रेघ मारायला मला बी बोलावल्तं. पर रेघ मारायच्या आधी तुझा काका येऊन बसला दारात."

"काका? कशाला?"

"म्हनला, माझं नाव बराबर करा. जमादार म्हनला, अरे येड्या, आता बंद होऊन राह्यलं, आता कशाला लावून घेतो? ह्यो बिलकुल उठंना. दुपार झाली. शेवटी सायेब म्हनला, लिव्हा अन् घालवा त्याला."

मी विचारलं, नीट लिहिलं का? काकाला तर वाचता येत नाही.

"त्येच तर," पाटील म्हणाले. "त्यानं आधी तुमच्या घराची ओळ काढायला लावली. सगळ्या अंगठ्यांत तुझी ती वेडीवाकडी सही वळखली त्यानं. त्या ओळीवर बोट ठेवलं अन् जमादाराला म्हनला, हे असं लिव्हा. आगदी असंच."