आठ नंबरचा माग

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात किस्से मागाखालच्या तुसासारखे साठतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी परत तेवढंच. मी तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. सव्वीस वर्षं झाली. आजवर किस्से दुसऱ्यांचे असायचे आणि हसायला मी. यंदा सगळे माझ्यावरच निघालेत, तेव्हा मीच सांगतो. दुसरा कुणी मीठमसाला लावून सांगेल, आणि मला मीठ बंद आहे!

*

आधी माझी खोड सांगतो. विणकर येऊन म्हणायचा, जॉबर, माग ठोका चुकवतोय. मी जागचा न हलता विचारायचो, "चुकतोय, पण चालतोय की?" चालतोय म्हटलं की विषय संपला. चालता माग उघडू नये, एक बघायला जावं तर दहा दुखणी निघतात.

आठ नंबरच्या मागाला मी सात वर्षं हेच औषध दिलं. त्यावर नरसय्या असायचा. चाळीस वर्षं मागावर काढून कानानं जवळजवळ गेलेला. त्यामुळं तो मागावर तळहात ठेवून ठोका ओळखतो, आणि त्याचा अंदाज कधी हुकत नाही. दर आठवड्याला येऊन सांगायचा, मी तेच उत्तर द्यायचो. गेल्या दिवाळीआधी आठ नंबर चालता चालता अडकला. आतला शाफ्टच तुटला होता. भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्या जागेवर अजून काही बसवलेलं नाही.

*

मग मालकांनी कारखान्यात तपासणीचा कँप ठेवला. माझी छाती अधूनमधून धडधडायची, पण एवढे माग चालू असताना शेडमध्ये कुणाचं धडधडत नाही? ईसीजीला आधी कुणी झोपेना, म्हणून मी झोपलो. टेक्निशियननं एकदा पट्टी काढली, परत काढली, मग वायरी उपटून पुन्हा लावल्या. मी म्हटलं, "मशीन बिघडलंय, थांबा, बघतो," आणि वायरींसकट उठून प्लग तपासायला लागलो. सगळे लई हसले.

मग माझ्या जागी नरसय्याला झोपवलं. त्याची पट्टी पहिल्या झटक्यात नीट आली. तेव्हा कुणी हसलं नाही.

*

जुळे सोलापूर भागातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून फडफडतात. रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी सुरू करा. मी विचारलं, कोणता पार्ट बदलायचा? ते म्हणाले, आधी चोवीस तासांची टेस्ट करू, मग बघू. कधीपासून होतंय? मी म्हटलं, पाच-सहा वर्षं तरी झाली.

"मग दाखवलं का नाही?"

चालत होतं की. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. रिक्षावाला बिचारा पत्ता विचारायचंच विसरला.

*

बातमी कळल्यावर दुधनीची मावशी आली. दारातच गळ्यात पडून रडली. चहा घेता घेता त्यांच्या गल्लीतल्या एकाची हकीकत सांगितली. अगदी हेच दुखणं, अंगणात दात घासता घासता गेला. माझी बायको सुमन कप ठेवायला आत गेली ती बाहेरच येईना. निघताना मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"काळजी करू नकोस बाळा. तो तर तुझ्यापेक्षा लई धट्टाकट्टा हुता."

दुसऱ्या दिवसापासून मी बसून दात घासतो.

*

चोवीस तासांच्या टेस्टला छातीवर वायरी चिकटवल्या, कमरेला डबी बांधली आणि एक कागद दिला. धडधडलं की वेळ लिहायची, तेव्हा काय करत होता ते लिहायचं. मला मागांची नोंदवही लिहायची सवय. मी लिहिलं : 'सव्वाअकरा. धडधड. पट्टा तपासला. ठीक.' दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅडमनी विचारलं, कुठला पट्टा?

*

त्या टेस्टच्याच दिवशी दुपारी लाइट गेली. तेवीस माग एकदम थांबले. शेड गप झाली, माझी छाती नाही. दोन ठोके, एक गायब, मग चार घाईघाईनं. एवढी वर्षं हे मी मागांचं समजत होतो. खांब धरून उभा राहिलो. आपण मरणार, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ वाटली.

नरसय्यानं लांबून बघितलं. जवळ आला आणि वायरी चुकवून शर्टावरून तळहात छातीवर ठेवला, मागावर ठेवतो तसा. डोळे मिटले. बाकीचे विणकर बघत उभे राहिले.

मग म्हणाला, "चुकतंय, जॉबर. पण चालतंय की."

बोलून गेल्यावर त्याची नजर आठ नंबरच्या रिकाम्या जागेकडं गेली.

लाइट आली. सगळे आपापल्या मागावर गेले. नरसय्यानं हात काढला नाही.