कामाचं ठिकाण: चुडावा

लॉकडाऊनमध्ये पुण्यातल्या आमच्या कंपनीनं शाखा बंद केली आणि मी चुडाव्याला आईबाबांकडे राहायला आले. इतकी वर्षं पुण्यात काढली, पण कॉट बेसिसवरची जागा सोडताना दोन बॅगा आणि एक खुर्ची एवढंच माझं सामान निघालं. खुर्ची मी खोलीतल्या मुलीला देऊन टाकली.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी तयार केलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं, ते कुठं अडतं, कुठं चुकतं ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. हे काम घरात बसून होतं हे तोपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्यामुळे दुसरी नोकरी मिळायला फार वेळ लागणार नाही, असा माझा समज होता.

मुलाखती मिळाल्या, आणि बऱ्याचशा चांगल्याही झाल्या. अडायचं शेवटच्या प्रश्नाशी.

"सध्या कुठं आहात?"

"चुडाव्याला."

"कुठं?"

"पूर्णा तालुका, परभणी जिल्हा."

इथून पुढं समोरच्या माणसाचा आवाज बदलायचा. एकानं विचारलं, तिकडे लाइट असते का. दुसऱ्यानं अगदी आपुलकीनं सांगितलं, "काही हरकत नाही, ऑफिस उघडलं की आठ दिवसांत पुण्याला या." मी त्यांना म्हटलं, मला इथूनच काम करायचंय, ऑफिस उघडलं तरीसुद्धा.

"घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही."

"लग्न ठरलंय?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर बरंच मागून सुरू होत होतं. दहावीनंतर मी परभणीच्या वसतिगृहात गेले, तिथून इंजिनिअरिंगला नांदेडला आणि तिथून पुण्याला. मोठी झाल्यापासून मी या घरात पाहुणी म्हणूनच येत होते. आले की आई पुरणपोळ्या करायची, बाबा नवा टॉवेल काढून द्यायचे, आणि चौथ्या दिवशी मी निघायचे. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मी साधा, बिनसणाचा, बिनपाहुण्यांचा दिवस बघितला. आई दुपारी अर्धा तास कुणाशीच बोलत नाही हे मला माहीत नव्हतं. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते रूळ बदलण्याचं त्यांचं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मालगाडी गेली की ते ऐकून सांगायचे, भरलेली हाय का रिकामी. हेही मला माहीत नव्हतं. मला या दोघांसोबत राहायचं होतं, इतकंच. पण 'माझ्या आईबाबांची ओळख व्हायला लागलीय' असं काही मुलाखतीत सांगता येत नाही.

त्या आपुलकीनं बोलणाऱ्यांनी देऊ केलेली नोकरी मी नाकारली, तेव्हा बाबा अस्वस्थ झाले.

"हातची नोकरी सोडलीस कामून?"

"दुसरी बघायले ना."

"आमच्यापायी थांबायलीस का? आमी चांगले हाव."

"तुमच्यापायी न्हाई बाबा. माझ्यापायी."

आई ज्वारीच्या भाकरी थापत होती. ती वळून न बघताच म्हणाली, "पोरगी घरी राहतो म्हणायली, तर तुमी तिला हाकलायलेत." बाबा उठून अंगणात गेले.

पावसाळा संपता संपता पुण्यातल्याच एका लहान कंपनीकडून बोलावणं आलं. ती दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंटची नोंदणी, तपासण्या, औषधं, सगळं एका ठिकाणी. मुलाखतीआधी त्यांनी नोंदणीचा भाग तपासायला पाठवला. चुका शोधा आणि कळवा, म्हणाले.

मी सकाळी बसले. किरकोळ चुका लगेच सापडल्या, त्या कुणालाही सापडल्या असत्या. दुपारी एका पेशंटची नोंद भरून मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी आमचं नेट गेलं. मी कपाळाला हात लावला. चहा करून घेतला, तोवर नेट परत आलं. बघते तर सॉफ्टवेअरनं तीच माहिती पुन्हा पाठवलेली, आणि त्या एकाच पेशंटच्या दोन नोंदी झालेल्या, दोन वेगळे नंबर घेऊन. मी दचकले. एका नंबरावर रक्ताचा रिपोर्ट आणि दुसऱ्या नंबरावर औषध, असं झालं तर डॉक्टरला अर्धाच पेशंट दिसणार. मग मी मुद्दाम मोबाइलचा डेटा बंद-चालू करून तेच पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी दोन नोंदी. मी सगळं नीट लिहिलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी स्वतः फोन केला.

"ते दोनदा नोंद होण्याचं आमच्या इथं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तुम्हाला कसं सापडलं?"

"आमच्याकडे नेट जातं, मॅडम."

त्या हसल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आपले निम्मे दवाखाने तालुक्याच्या गावांतच आहेत. तिथंही जातच असणार."

"जातंच."

मला त्या वेळी कळलं की हे काम मला येतं, आणि इथं बसून जरा जास्तच येतं. परभणी जिल्ह्यात राहणं ही माझी अडचण आहे असं इतके दिवस मीसुद्धा खाली मान घालून ऐकत आले होते.

मॅडमनी माझं नाव पक्कं केलं. पुढचं बोलणं एचआरच्या साहेबांशी होतं. सुरुवातीला ते तेच म्हणाले, सध्या घरून करा, परिस्थिती सुधारली की पुण्याला या. मी म्हटलं, "कायमचं इथूनच. तीन महिन्यांतून एकदा मी ऑफिसला येईन, चार दिवस राहीन. कामाच्या वेळेत फोन लागला नाही असं होणार नाही, दोन कंपन्यांचं नेट आणि इन्व्हर्टर घेते. पण हे ऑफर लेटरमध्ये लिहून हवं." हे वाक्य मी आदल्या दिवशी न्हाणीघरात म्हणून बघितलं होतं.

ते म्हणाले, गावात खर्च कमी, तेव्हा पगारही थोडा कमी करू. मी म्हटलं, "साहेब, चूक पुण्यात सापडली काय आणि चुडाव्यात सापडली काय, ती तेवढीच मोठी असते." त्यांनी मॅडमना विचारून पगाराचं मान्य केलं, पण इतरांना सहा महिने असतो तो प्रोबेशनचा काळ मला वर्षभर लावला. ते मला बोचलं, तरी मी हो म्हटलं. सगळंच आपल्या मनासारखं होत नसतं.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि एक छोटीशी गोष्ट. क्लायंटशी बोलताना पुण्याहून बोलतेय असं सांगायचं. चुडावा वगैरे नको. उगाच शंका येतात."

मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी मी हे आईबाबांना सांगितलं. बाबांना सुटल्यासारखं झालं.

"मग काय झालं? म्हणायचं पुण्याहून बोलतो. कोण बघायला येतंय?"

आई बाबांकडे वळली. ती म्हणाली, "तुमी सांगितलं व्हतं का?"

"ते येगळं व्हतं."

"काय वेगळं?" मी विचारलं.

आईनंच सगळं सांगितलं. बाबा नोकरीला लागले तेव्हा पहिली बदली दूरच्या एका स्टेशनवर झाली. क्वार्टर रिकामं नव्हतं, म्हणून त्या गावात ते भाड्यानं खोली बघत होते. आमचं घर बौद्ध. सोबतच्या एकानं त्यांना चांगल्या मनानं सांगितलं, आडनाव दुसरं सांग, गावही दुसरं सांग, खोली लगेच भेटेल. बाबांनी सगळीकडे खरंच सांगितलं. खोली मिळाली नाही. क्वार्टर मिळेपर्यंत ते ड्यूटी संपली की स्टेशनातल्याच बाकावर झोपायचे, आणि नव्यानं लग्न झालेली आई इकडे सासरी एकटी राहिली.

"मला लय राग आला व्हता तवा," आई म्हणाली. "म्या म्हणलं, एक आडनाव सांगायला काय जातंय."

बाबा खाली बघत होते. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

"तवा नुसती खोली गेली व्हती," ते म्हणाले. "आता तुझी नोकरी जाईल म्हणून म्हणायलो. मला काय, मला तर..." मग म्हणाले, "तुझं तू ठरीव. आमी काही म्हणणार न्हाई."

सकाळी मी फोन लावला. मॅडमही फोनवर होत्या.

"मी पुण्यात आहे असं मी सांगणार नाही," मी म्हटलं. "मी आपणहून विषय काढणार नाही. पण कुणी विचारलं तर चुडावा सांगेन."

"अहो, ही कंपनीची पद्धत आहे," साहेब म्हणाले.

"मग तसं ऑफर लेटरमध्ये लिहा. कामाचं ठिकाण चुडावा, पण क्लायंटला पुणे सांगावे. मी सही करायची की नाही ते बघते."

असं काही कंपनीला कागदावर लिहून देता येणार नाही हे त्यांनाही कळलं आणि मलाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आम्ही कळवतो."

मधले दिवस वाईट गेले. बाबांनी मला एकदाही काही विचारलं नाही. त्यांनी पंखे पुसले, आवश्यकता नसताना मीटरजवळची वायर बदलून घेतली, आणि पूर्णेला जाऊन इन्व्हर्टरची चौकशी करून आले. आई म्हणाली, "नोकरीचा पत्ता न्हाई अन् ह्यांनी बॅटरीचा भाव काढला." पण तीही मी फोन उचलला की हातातलं काम थांबवून बघायची. मी नोकरी घालवून बसले असं मला दोनतीनदा वाटलं. तरी आपण बोललो ते मागं घ्यावं असं वाटलं नाही.

मग मेल आला. ऑफर लेटर होतं. बाबांनी चष्मा लावून लॅपटॉपच्या पडद्याजवळ तोंड नेलं. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण अक्षर-अक्षर लावून. माझं नाव वाचून झालं, हुद्दा झाला. मग ते थांबले आणि मोठ्यानं वाचू लागले, "वर्क लोकेशन, चुडावा, तालुका पूर्णा, डिस्ट्रिक्ट परभणी."

"बरोबर लिव्हलंय," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण चष्मा काढून ते बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. आई आत गेली आणि तिनं भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावली.

मग क्लायंटशी पहिली मीटिंग झाली. समोर एका मोठ्या दवाखान्याचे व्यवस्थापक होते. बोलता बोलता त्यांनी विचारलंच, "मॅडम, आपण पुण्यात का?"

"नाही सर. चुडावा. पूर्णा आणि नांदेडच्या मध्ये आहे."

"अच्छा," ते म्हणाले. "बरं, ते बिलाचं पान उघडायला वेळ लागतो, ते कधी दुरुस्त होईल?"

बस, एवढंच. मी जेवताना हे सांगितलं तेव्हा आईला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला. बाबा मात्र हसले नाहीत. "इचारलं, अन् सांगितलं ना," ते म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

वर्षभरानं मी कायम झाले. आता माझ्या हाताखाली टेस्टिंगची एक टीम आहे. दर तीन महिन्यांनी मी पुण्याला जाते, चार दिवस राहते आणि परत येते. परवा दुपारी माझी मीटिंग सुरू होती, खिडकी उघडी होती. शेजारच्या घरी पाहुणी आलेली एक बाई आईला विचारत होती, "लेक कुठं असती तुमची आता?"

"घरीच हाय की."

"अन् नोकरी?"

"नोकरी पुण्याच्या कंपनीत हाय."

"म्हंजी कसं?"

आईनं सगळं समजावून सांगितलं. लॅपटॉप, नेट, दवाखाने, मीटिंग, माझ्या हाताखालची माणसं. तिनं काहीही वाढवून सांगितलं नाही, आणि काही सोडलंही नाही. मी मीटिंगमधला माझा माइक बंद करून ते शेवटपर्यंत ऐकलं.