पत्र्यावरचा पी

पोलिओच्या फेरीत आम्हा दोघींना मारुंजीच्या पुढची, बांधकाम मजुरांची पत्र्याची वस्ती मिळाली होती. माझी जोडीदारीण तिथल्याच गावातली. डाव्या रांगा तिच्या, उजव्या माझ्या. घरातल्या सगळ्या पोरांना थेंब पाजले की दारावर खडूने इंग्रजी पी लिहायचा, खाली तारीख. एखादं मूल राहिलं तर फुली. एवढं सोपं काम, आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते.

उन्हाने डोकं उठलं होतं. माझ्या शेवटच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर पी आधीच होता. फटीतून साडीची झोळी हलताना दिसली, आत बाळ कुरकुरत होतं. जोडीदारीण इथवर येऊन गेली असणार, असं म्हणून मी निघाले. तारीख वाचायचा चक्क कंटाळा केला.

संध्याकाळी कागद भरताना तिला विचारलं. ती म्हणाली, "तिकडं मी गेलेच न्हाई, ताई. ती तर तुमची रांग व्हती."

तोवर अंधार पडला होता, लसही परत जमा केली होती.

सकाळी डोसचा डबा घेऊन धावत गेले, तर ती रांगच उठली होती. माणसांना पहाटे टेम्पोने दुसऱ्या साइटवर नेलं, कुठल्या ते ठाऊक नाही, असं वॉचमन म्हणाला. पत्रे एकावर एक रचले होते. सगळ्यात वर तो पी, खाली मागच्या फेरीची तारीख. आधीच्या कुठल्या तरी वस्तीतून तो पत्रा खुणेसकट इथे आला होता. पत्रे असे फिरतात हे मला माहीत होतं. चाकणपर्यंतच्या साइट पालथ्या घातल्या, पण ती झोळी सापडली नाही.

पुढच्या फेरीत त्या बाळाला डोस मिळाला असेल, असं सगळे समजावतात. मिळाला असेलही. पण मी त्याचं तोंड पाहिलं नाही, म्हणून ते कुठलंही मूल असू शकतं. आता ते तीन-चार वर्षांचं झालं असेल. साइटवर त्या वयाची पोरं दिसली की मी आधी त्यांचे पाय बघते. एखादं लंगडलं की मला धडकी भरते, मग ते चपलेतला खडा झटकून पळत सुटतं.

परवा एका पत्र्यावर पी दिसला. तारीख त्याच दिवशीची होती. तरी दार वाजवलं.

"सकाळीच पाजून गेल्या की," आतली बाई म्हणाली.

"बाळ दाखवा."

तिने दाखवलं. करंगळीवर डोस दिल्याची शाईची खूण होती. तरी मी त्याचे दोन्ही पाय हातात धरले. त्याने मला जोरात लाथ मारली, आणि मला तिथेच रडू फुटलं.