बनारसमध्ये एक न शिवलेलं ताट

नाशिकरोडला गाडीत चढले तीच मुळी धास्ती घेऊन. "आई, आपण जेवायला चाललोय, परीक्षेला नाही," केतकी म्हणाली. केतकी म्हणजे माझी मुलगी. तिला काय जातंय म्हणायला! लोक बनारसला देवदर्शनाला जातात, आम्ही तिचं लग्न ठरतंय का ते बघायला निघालो होतो. तिच्या पुण्याच्या ऑफिसातला अनिरुद्ध बनारसचा, पण मराठी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तिथल्या रामघाटावर आहे. वडील वेदपाठशाळेत शिकवतात. केतकीचं पहिलं लग्न वर्षभरात मोडलं, हे अनिरुद्धनं त्यांना फोनवर सांगितलं होतं. त्यावर वडील काय म्हणाले, असं मी विचारलं, तर म्हणाला, "भाऊ कमी बोलतात, काकू." वडिलांना तो भाऊ म्हणतो. झालं! तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

धुक्यानं गाडी इतकी रखडली की कुठलं स्टेशन गेलं आणि कुठलं यायचं, काही समजेना. आमचे हे मात्र पांघरूण डोक्यावर ओढून घोरत पडले होते. मी अंधारातच केतकीकडे बघत बसले. ही परत एकदा कोणाच्या घरातून बॅग घेऊन आली तर मला सोसणार नाही, एवढंच मनात येत होतं.

आमची उतरायची सोय मंगला गौरीच्या देवळापाशी होती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाय आली की आपण मुकाट्यानं कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. पहिल्याच सकाळी एका गायीनं माझ्या शालीचं टोक तोंडात धरलं आणि मी "अगं सोड, सोड!" करत शुद्ध मराठीत ओरडले. वरच्या खिडकीतून एक म्हातारी तितक्याच शुद्ध मराठीत म्हणाली, "घाबरू नका, शरीफ आहे ती!" परक्या गावात आपली भाषा ऐकून जरा धीर आला. कोपऱ्यावर मातीच्या कुल्हडात मलइयो (थंडीतच मिळणारा दुधाचा केशरी फेस) मिळत होता. ह्यांनी एकामागून एक कुल्हडं रिचवली. माझंही मी ह्यांनाच देऊन टाकलं.

आता खरं सांगते. अनिरुद्धच्या आईनं, उमाताईंनी, घरीच जेवायला बोलावलं होतं. मीच हट्टानं नको म्हटलं. पहिल्याच भेटीत स्वयंपाकाचा भार नको, हे सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. नकारच यायचा असेल तर तो त्यांच्या माजघरात बसून ऐकायला नको. हॉटेलात निदान उठून निघून तरी जाता येतं. भोसले घाटाच्या वरच्या गल्लीतलं एक उपाहारगृह मी घरबसल्या शोधून ठेवलं होतं. मॅनेजरला फोन करकरून मी भंडावून सोडलं होतं. कांदा नको, लसूण नको, मसालेदार काही नको; वैदिक घरातली माणसं आहेत, तर साधं वरण, भात, फुलके आणि एक भाजी. तो बिचारा शेवटी म्हणाला, "माताजी, बिलकुल घर जैसा बनेगा." मी खूश!

दुपारी सगळे जमलो; अनिरुद्ध आधीच घरी येऊन राहिला होता. गच्चीवर टेबल, खाली गंगा, धुकं नुकतंच उठलेलं. उमाताई गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. "रस्त्यात तकलीफ नाही ना झाली? इकडे सर्दी फार आहे हो," म्हणत त्यांनी केतकीचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. शास्त्रीबुवा, म्हणजे अनिरुद्धचे वडील, उंच, सडपातळ, खांद्यावर जाड उपरणं. नमस्कार केला आणि बसले.

ताटं आली. वरणभातावर तूप, वाफ निघतेय, फुलके टम्म फुगलेले. मी मनात म्हटलं, वा गं बाई, साधलं! "करा सुरुवात," शास्त्रीबुवा म्हणाले. आम्ही सुरू केलं. त्यांनी केलं नाही.

आधी वाटलं, काही म्हणत असतील मनात. मग वाटलं, गरम असेल. ह्यांनी त्यांना गंगेच्या पाण्याचं काय ते विचारलं, त्यांनी अगदी नीट उत्तर दिलं. पण हात मांडीवरच. भातावरचं तूप थिजायला लागलं. पाणीसुद्धा त्यांनी बरोबर आणलेल्या तांब्यातलंच घेतलं. मला आमच्या आईचं बोलणं आठवलं. सोयरीक करायची नसली की पूर्वी मुलाकडचे मुलीकडच्या अन्नाला हात लावत नसत. केतकी खाली मान घालून फुलक्याचे कपटे करत होती. तिनंही पाहिलं होतं तर!

"ताक मागवू का? की दुसरं काही?" मी विचारलं.

"नको नको. तुम्ही जेवा स्वस्थपणे."

स्वस्थपणे! माझा बांध फुटला. "शास्त्रीबुवा, एकदाच काय ते सांगून टाका. आमच्या केतकीचं आधीचं लग्न मोडलं म्हणून तुम्ही अन्नाला शिवत नाही ना?"

शेजारच्या टेबलावरचीसुद्धा माणसं वळून बघायला लागली. ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तो माझ्या लक्षात आला तेव्हा फार उशीर झाला होता. केतकी "आई!" एवढंच म्हणाली. अनिरुद्ध लालेलाल.

शास्त्रीबुवा बावरून गेले. "अहो, काय बोलता हे? मी बाहेर भात खात नाही. फुलकाही नाही. पाण्यात शिजलेलं, तव्यावर भाजलेलं ते कच्चं, ते फक्त घरचं नाहीतर नातलगांकडचं. तुपात तळलेलं ते पक्कं, ते चालतं."

"कचौडी असती ना, तर चार खाल्ल्या असत्या ह्यांनी!" उमाताई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

म्हणजे मी मुद्दाम साधं सांगितलं आणि नेमकं तेच त्यांना वर्ज्य! "अरे, मग तू बोलला का नाहीस?" मी अनिरुद्धवर घसरले.

"भाऊंनी मना केलं होतं, काकू. म्हणाले, त्यांनी मनापासून बोलावलंय, जायचं. मी नुसता बसेन."

मला रडू आलं आणि त्यापेक्षा लाज जास्त वाटली. शास्त्रीबुवाच उठले. "तुमचं झालं की चला. मला आता भूक लागली आहे." मग आमची सगळी वरात गल्लीतल्या एका हलवायाच्या दुकानासमोर उभी राहिली. सकाळच्या घाण्यातल्या शेवटच्या कचोऱ्या कढईत होत्या. शास्त्रीबुवांनी भाजी नाकारली, दही घेतलं, आणि उभ्याउभ्या अशा काही तन्मयतेनं खाल्ल्या की ह्यांनीही परत एक मागून घेतली. वर जिलेबी.

सगळे हसत होते. मी सोडून. कारण माझ्या प्रश्नाच्या भाताच्या बाजूचं उत्तर मिळालं होतं, लग्नाच्या बाजूचं नाही. निघताना ते इतकंच म्हणाले, "उद्या दुपारी घरी या." परतीच्या वाटेवर अनिरुद्ध आमच्याबरोबर आला. मी त्याला खोदून खोदून विचारलं. "आमच्याकडे असंच आहे, काकू," तो म्हणाला, "पाहुण्यांना पुरी, घरच्यांना भात."

हे त्यानं मला सांगायला नको होतं. हे सोवळंओवळं मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही; उद्या केतकी ह्या घरात कशी निभावेल, हीही धास्ती होतीच. तरी दुसऱ्या दिवशी रामघाटाच्या पायऱ्या चढताना मी मांजरासारखी वास घेत होते. दारात पोचले आणि आतून तळणीचा वास आला. पुरी! ह्यांना म्हटलं, "संपलं. आपण पाहुणेच." हे म्हणाले, "आधी चपला तर काढ."

केतकी उमाताईंना मदत करायला आत गेली. माजघरात पाट मांडले होते. उमाताई आतून परात घेऊन आल्या, त्यात तळलेले पापड आणि कुरडया. "नाशिकची माणसं, पापडाशिवाय कशी जेवणार?" त्या म्हणाल्या. मी पानांकडे पाहिलं. पानं अजून रिकामी होती.

तेवढ्यात शास्त्रीबुवा पाटावर बसले. आत बघून त्यांनी हाक मारली, "केतकी, बेटा, भाताचं पातेलं घेऊन ये. आधी मला वाढ."

केतकी आली. भाताची मूद जरा वेडीवाकडी पडली. तिनं वरण वाढलं, तूप वाढलं. शास्त्रीबुवांनी पानाभोवती पाणी फिरवलं, भात कालवला आणि पहिला घास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काल तुम्ही विचारलं होतं ना?"

मी मान हलवली. उमाताईंनी माझ्या पानात भात वाढला आणि मी तो मीठ न घेताच खाल्ला, डोळ्यांतलं पुरलं.

परतीच्या गाडीत मात्र मी अशी झोपले की ह्यांना मला नाशिकरोडला हलवून उठवावं लागलं. आता शेजारीपाजारी विचारतात, बनारसला काय काय खाल्लंस? कचोरी खाल्लीस का, मलइयो कसा होता, पान आणलंस का? ह्या सगळ्याची चव ह्यांना विचारा, मला त्यातलं काहीएक आठवत नाही. मी बनारसला वरणभात खाऊन आले.