पाणी नको

घराला आग कशी लागते, हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ होतं. बाबा दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांच्या ऑफिसात एकदा अग्निशमन दलाच्या माणसाने व्याख्यान दिलं आणि तेव्हापासून बाबांना हा नादच लागला. ऐन जेवणात सुरू व्हायचे. एका प्लगवर दोन हीटर लावू नका. थंडीत मोजे हीटरवर वाळत घालू नका. निरांजन पडद्यापासून लांब ठेवा. आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतायचं नाही. गॅस बंद करायचा, वर परात पालथी घालायची, की संपलं. आई वैतागायची. "अहो, घास तरी गोड लागू द्या. तुमच्यासारखा आगलाव्या माणूस मी पाहिला नाही!" पण ऐकायची सगळं. आमच्यात खरी हुशार तीच होती.

समोरच्या क्वार्टरमध्ये एक पंजाबी आंटी राहायच्या. आईचं नि त्यांचं गूळपीठ होतं. आईचं हिंदी फर्डं, भाजीवाल्याला घाम फोडायची. मात्र अंगावर पाल पडली की तिच्या तोंडून मराठीच निघायचं. आंटींना मराठी येत नव्हतं आणि त्यांचं कधी अडलंही नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. त्या दुपारी आई चकल्या करत होती. भाजणी काय असते ते दिल्लीच्या चक्कीवाल्याला कोण सांगणार? त्याने ती जाड दळून दिली होती आणि प्रत्येक चकली तुटत होती. तेल तापत ठेवून आई पीठ चाळायला बाहेरच्या खोलीत गेली. मी गच्चीवर चिवड्याचे पोहे उन्हात घालून कबुतरं हाकलत होते.

आधी करपट वास आला, मग आईचा आवाज. जिना उतरताना मला स्वच्छ ऐकू आलं, "पाणी नको! अहो, पाणी नको!" आवाजात भीती होती, गोंधळ नव्हता. मी धावत सुटले.

दारात पोचले तेव्हा आंटी आमच्याच बाथरूममधली भरलेली बादली घेऊन स्वयंपाकघरात शिरत होत्या. धूर बघून त्या धावत आल्या होत्या. आई ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला होता आणि परात दोन्ही हातांत धरली होती. फक्त ती पालथी घालायची राहिली होती. आंटींच्या कानांना त्या आरडाओरड्यातला एकच शब्द ओळखीचा होता, आणि तो त्यांनी ऐकला.

पाणी पडताच तेल छतापर्यंत उसळलं. आईच्या अंगावर नायलॉनची साडी होती. आंटींनीच तिच्यावर सतरंजी टाकली, तिला घट्ट धरून ठेवलं, स्वतःचे हात कोपरापर्यंत भाजून घेतले.

हॉस्पिटलात आई जेमतेम बोलायची. बाबांना एकदा म्हणाली, "अहो, मी गॅस बंद केला होता." बाबा म्हणाले, "हो गं, माहीत आहे मला." त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

मला आंटींचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? त्यांचा दोष नव्हता हे कळत होतं आणि तरी रात्रंदिवस राग यायचा. सुतकात आमच्याकडे चूल बंद, जेवणाचा डबा त्यांच्याच घरून येत होता. तो घास माझ्या घशाखाली उतरत नव्हता.

एका संध्याकाळी त्या स्वतः आल्या. दोन्ही हातांना बँडेज. खुर्ची दिली तरी बाबांच्या समोर जमिनीवरच बसल्या.

"भाईसाहब, एक बात पूछनी थी. वो पानी-पानी चिल्ला रही थीं. साथ में एक और लफ़्ज़ था, बार-बार. मेरी समझ में नहीं आया. क्या कह रही थीं?"

मी भिंतीला टेकून उभी होते. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो त्यांच्या तोंडावर फेकावा आणि त्यांना आयुष्यभर झोप लागू नये, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसता हात वर केला.

"जल्दी," बाबा म्हणाले. "हमारी भाषा में जल्दी को कहते हैं."

आंटींनी आपल्या बँडेजमधल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मैंने देर तो नहीं की ना, भाईसाहब?"

"बिल्कुल नहीं, बहनजी," बाबा म्हणाले. "आप तो फ़ौरन आ गई थीं."