चौथं नाव

दोन नोव्हेंबर, रविवार. मनीषनगर, मामांचं घर. हजर: शांतामामी, मामांचा मुलगा प्रशांत आणि सून अर्चना, कुहीहून आलेले मामांचे धाकटे भाऊ, शेजारचं जोडपं, आणि मी, भाची. कळवायचं राहिलेले: गोव्याचे फ्रान्सिस.

हे मी त्या दिवशी सकाळी दवाखान्यातून घरी आल्यावर लिहिलं. घरात काही झालं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी कागद घेते. तसं केलं की रडायला थोडा उशीर होतो आणि तेवढ्यात कामं उरकतात. दौलतमामा पहाटे गेले. वय अठ्ठ्याहत्तर. दिवाळीच्या दोन दिवस आधी छातीत पाणी झालं म्हणून नेलं, मध्ये एकदा बरं वाटलं, मग पुन्हा बिघडलं. मी शेवटची भेटले तेव्हा त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला एकच काम सांगितलं. ‘‘ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवला आहे, विजू. वाळू देऊ नको.’’ मी बरं म्हटलं. त्यांनी मास्क परत लावला.

मामा जहाजावर होते. नागपुरात असं सांगितलं की लोक वर बघतात, कारण इथे जहाज म्हणजे विमान, आणि मनीषनगरवरून तर दिवसभर विमानं जातात. मामा समजावत बसत नसत. ‘‘नाही गा, पाण्यातलं,’’ एवढं म्हणायचे आणि पुढची चौकशी सुरू व्हायच्या आत चहा मागायचे. कुहीजवळच्या खेड्यात धानाच्या बांध्या आणि गावचा तलाव, एवढंच पाणी त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. अक्षर मात्र फार सुंदर. तरुणपणी नागपुरात येऊन इतवारीत दुकानांच्या पाट्या रंगवू लागले, ट्रकच्या मागे नावं टाकू लागले. एका ट्रकवाल्याबरोबर मुंबईला गेले आणि गोदीत रंगाऱ्याचं काम मिळालं. तिथून एका मोठ्या प्रवासी जहाजावर रंगारी म्हणून चढले. मग मालक बदलत गेले, मामा त्याच जहाजावर राहिले.

जहाज मामांच्या आधीचं होतं. स्कॉटलंडात बांधलेलं, इंग्रज कंपनीचं, नाव ‘क्वीन एलिनोर’. इंग्लंडातून ऑस्ट्रेलियात कायमची राहायला जाणारी कुटुंबं त्यातून जायची. धुराडं हळदीसारखं पिवळं. मामा चढले तेव्हा तिचे चांगले दिवस संपत आले होते. लोक विमानाने जाऊ लागले होते आणि अर्ध्या खोल्या रिकाम्या असायच्या. मग कंपनीने ती एका ग्रीक मालकाला विकली. त्याने आपल्या मुलीचं नाव दिलं, ‘कॅटिना’, धुराडं निळं केलं, आणि बेटाबेटांवरून हौशी प्रवासी फिरवू लागला. नाव बदलायचं काम मामांचं. पुढच्या टोकावर दोरांना फळी बांधून समुद्रावर लोंबकळत बसायचं, जुनं नाव घासायचं, त्यावर रंग चढवायचा आणि नवं लिहायचं. पण जुनी अक्षरं नुसती रंगाची नसतात, वेल्डिंग करून लोखंडावर उठवलेली असतात. मामा सांगायचे, ‘‘कितीही घास, ऊन तिरपं आलं का खालचं नाव दिसतेच. बंदरातले म्हातारे लोक वाचून हसत.’’

त्याच सुमारास त्यांचं लग्न झालं. आमच्याकडे सुनेचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने लिहितात. मामीचं माहेरचं नाव पार्वती, ते शांता झालं. मामी सांगते, सगळे गेल्यावर नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘खालचं नाव काय तुहं?’’ तिला कळेना हा माणूस काय विचारतो आहे. कळल्यावर सांगितलं. तेव्हापासून चारचौघांत शांता आणि घरात पारू. बाकी सासरच्या कोणी तिला त्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मामा वर्षातून दोनेक महिने घरी असत. उरलेलं वर्ष जहाज. प्रशांतचा जन्म झाला तेव्हा ते कुठल्या समुद्रात होते हे नंतर पत्रावरून कळलं. मनीषनगरचा प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला शेतं होती, घर मामीनेच उभं राहून बांधून घेतलं, विहिरीपासून गच्चीपर्यंत. ग्रीक मालक म्हातारा झाला आणि जहाज तिसऱ्यांदा विकलं गेलं. आता मालक अमेरिकेतली एक हॉटेलवाली मंडळी, नाव ‘सी हॉलिडे’, धुराडं नारिंगी. काटोलच्या संत्र्यांवरून मामा त्यांना ‘काटोलवाले मालक’ म्हणायचे. जहाजावर जलतरण तलाव वाढला, जुगाराची टेबलं आली, जुन्या लाकडी भिंतींवर प्लास्टिक चढलं. मामांना ते आवडलं नव्हतं, पण तक्रार म्हणून ते कधी बोलले नाहीत. ‘‘पोट भरत होती बिचारी,’’ असं म्हणायचे, जणू नात्यातल्या कुणा बाईबद्दल बोलत आहेत.

शेवटी तिला कोणी प्रवासासाठी घेईना. एका कंपनीने ती फक्त तोडायला घेतली. गुजरातच्या अलंगच्या किनाऱ्यावर नेण्यापुरता मालक, त्या एका फेरीपुरतं नाव. ‘नोरा’. धुराडं काळं, त्यावर खूण नाही. मामा आणि त्यांचे जोडीदार फ्रान्सिस शेवटच्या तुकडीत होते. भरतीच्या वेळी जहाज पूर्ण वेगात किनाऱ्यावर चढवतात... मामांनी ते दृश्य आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. फ्रान्सिस सांगायचे, की यंत्रं बंद झाली आणि सगळे दोरीच्या शिडीने चिखलात उतरले, तेव्हा दौलत मागे वळला नाही. कप्तानाला विचारून त्याने जिन्याच्या सागवानी कठड्याचा एक तुकडा घेतला, चादरीत बांधला आणि सरळ बस धरली.

त्या सागवानाचं मामांनी छोटं जहाज केलं, हातभर लांबीचं. ते दिवाणखान्यात टीव्हीच्या वरच्या फळीवर असतं. मामी त्याला ‘सवत’ म्हणते. दर दिवाळीला घराची रंगरंगोटी झाली की मामा पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून बसायचे आणि त्या जहाजाला नवा मालक द्यायचे. एका वर्षी पिवळं धुराडं आणि ‘क्वीन एलिनोर’, पुढच्या वर्षी निळं आणि ‘कॅटिना’, मग नारिंगी आणि ‘सी हॉलिडे’. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पिवळं. फराळाला येणारे ओळखीचे आधी धुराडं बघायचे. मामी करंज्या पुढे करत म्हणायची, ‘‘घ्या, सवतीले नवी साडी झाली. मले कधी होते पाहू.’’ मामा म्हणायचे, ‘‘तुही साडी घेतली ना वं परवा.’’ ‘‘ते माह्या पैशाची होती,’’ मामी म्हणायची.

चौथं नाव त्यांनी कधी टाकलं नाही. नारिंगीनंतर सरळ पिवळं. मामी दर वेळी विचारायची, ‘‘काळं काहून नाही करत?’’ मामांचं उत्तर ठरलेलं. ‘‘ते नाव नाही, पारू. ते भंगाराचं लेबल आहे.’’ हा त्यांचा नेहमीचा संवाद होता, आणि आम्ही तो लाडूबरोबर ऐकायचो. पण मागच्या दिवाळीला मामी थांबली नाही. ताट ठेवून म्हणाली, ‘‘तुमच्या त्या तिन्ही नावांनी मले पत्रं आली. माणूस कायमचा घरी आला तो एकाच नावानं. तेच तुमाले लिहायचं नाही.’’ प्रशांतने टीव्ही लावला.

या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी फराळाच्या सामानाची यादी घेऊन गेले होते. मामा वर्तमानपत्रावर बसलेले, चष्मा नाकावर, मांडीवर जहाज. धुराडं काळं होतं आणि ओलं होतं. पुढच्या टोकावरचं ‘सी हॉलिडे’ घासून त्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिलेला होता.

‘‘मामा, यंदा काळं?’’

‘‘हो. चौथं टाकून राहिलो. मागं लागली आहे तुही मामी.’’

स्वयंपाकघरात चिवड्याचा झारा थांबला. ‘‘काय म्हणाले वं ते?’’

‘‘पोहे जळतील,’’ मामा म्हणाले.

मामी बाहेर आली नाही. झारा पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात. पांढरा वाळल्यावर नाव टाकू, असं मामा म्हणाले. बारीक ब्रश धुऊन त्यांनी टर्पेंटाइनच्या काचेच्या बरणीत उभा केला, कारण त्यांच्या मते तो ब्रश कोरडा ठेवला की केस फुटतात. दोन दिवसांनी त्यांना दवाखान्यात नेलं.

तेरवीनंतर मी माझ्या यादीवर खुणा करत गेले. मृत्यूचा दाखला, पेन्शनचं कार्यालय, गॅसचं नाव, बँक, कुहीच्या भावांना कपडे. फ्रान्सिसना फोन केला. ते हिंदीत म्हणाले, की दौलतने कधी नाव पुसलं तर ते असं पुसायचा, जणू कुणाचं तोंड धुतोय. मी त्यांना चौथ्या नावाबद्दल सांगितलं. ‘‘उसने मान लिया?’’ एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी अक्षरं कशी होती ते सांगितलं, ठळक, काळी, साधी, एकमेकांपासून जरा लांब.

यादीत राहिलेलं काम एक. प्रशांत म्हणाला, नंबर प्लेटच्या दुकानातून रेडियमचं स्टिकर कापून आणतो, दहा मिनिटांचं काम. मामीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने विषय सोडला. मी जुन्या पेपरवर अक्षरं गिरवून पाहिली. माझं अक्षर यादीपुरतं ठीक आहे, जहाजाला चालणार नाही. मग जुन्या नागपुरातल्या महाल भागात गेले. पाट्या रंगवणारे आता फ्लेक्स छापतात, पण एक म्हातारे रंगारी भेटले, मामांना ओळखणारे निघाले. घरी येऊन लिहून देतो म्हणाले, पैसे नकोत म्हणाले. मी रविवार ठरवला. मामी म्हणाली, ‘‘या रविवारी नको, पाहुणे येऊन राहिले.’’ पाहुणे आले नाहीत. पुढच्या रविवारी तिचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्या रविवारी मीच विचारलं, ‘‘मामी, तुलाच तर ते नाव हवं होतं ना?’’

ती जहाजाकडे बघत होती. पुढचं टोक पांढरं, कोरं. संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरपं येत होतं, आणि त्या पांढऱ्याखाली ‘सी हॉलिडे’च्या कडा थोड्या दिसत होत्या. मामांनी ती अक्षरं दर वेळी जरा उठावदार का काढली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

‘‘पायजे ना,’’ मामी म्हणाली. ‘‘येईल गं. ते जहाज कधी टायमावर आलं का?’’

मग तिने उठून फळीवरची बरणी घेतली. टर्पेंटाइन उडून जातं, म्हणून ती दर दोन-तीन दिवसांनी त्यात भर घालते, ब्रश बुडेल एवढी. ब्रश अजून मऊ आहे. काल तिचा फोन आला, की बाटली संपत आली आहे, येताना नवी आण. मी लिहून घेतलं आहे. यादीत ते आता नावाच्या ओळीच्या वर आहे.