रोमचे गुलाम माझ्या वाट्याला

सर सेमिनारचे विषय वाटत होते. रोह्याचं कॉलेज, एम.ए. इतिहासाचा वर्ग, पेपर प्राचीन रोमचा. कुणाला सिनेट दिलं, कुणाला सैन्य, कुणाला कायदा. माझ्यापाशी येऊन थांबले.

"तुला गुलाम. तुला पुस्तकंबिस्तकं लागायची नाहीत. बाप वीटभट्टीवर आहे ना? त्यालाच विचार."

वर्ग हसला. मीही हसले.

मी कातकरी. निडीजवळच्या वाडीतली. वाडीतून इथवर पोचलेली एकटीच. आणि एवढं शिकून मला काय आलं, तर बापाला हसणाऱ्यांत सामील होणं.

कॉलेजात रोमवर एकच मराठी पुस्तक होतं. त्यात नुसते सम्राट आणि लढाया. गुलामांवर दोन परिच्छेद. म्हणून पेणच्या एका वाचनालयात गेले. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "कुठली गं तू?" मी वाडीचं नाव सांगितलं.

"मग पिशवी बाहेर ठेव. पुस्तकं जातात आमची."

माझ्यामागून एक मुलगा पाठीवर सॅक घेऊन सरळ आत गेला. त्याला कुणी काही विचारलं नाही. मी पिशवी बाहेर ठेवली.

आत एक जाड इंग्रजी ग्रंथ मिळाला. मोबाईलवर शब्द बघत एकेक ओळ लावत बसले. एका रोमन जमीनदारानं शेती कशी करावी ते लिहून ठेवलेलं. त्यात सल्ला होता, म्हातारे बैल विकावेत, जुनी अवजारं विकावीत, म्हातारे, आजारी गुलाम विकावेत. सगळं एका दमात. पुढची पानं उलटली. तिथंही लिहिणारा कोण, तर मालक. नाहीतर मालकाचा मित्र. शेवटी थडग्यांवरचे शिलालेख आले. सुटलेल्या गुलामांनी कोरून घेतलेले. आपलं नाव, आपला धंदा, बायकोचं नाव. बस, एवढंच त्यांचं स्वतःचं.

येताना वडखळला उतरले. बा तिथल्या भट्टीवर विटा पाडत होता. हात पुसत आला.

"काय शिकवतात गो?"

"रोमचा इतिहास. लांबचा देश हाय."

"काय व्हता तिथं?"

गुलाम हा शब्द तोंडाशी आला. बाहेर पडेना. "मोठे रस्ते. मोठे राजे," मी म्हणाले.

"बरा हाय. नीट शीक."

तेवढ्यात मालक लांबून ओरडला, "ए कातोड्या, गप्पा कसल्या मारतोस?"

पांढऱ्या केसांचा माझा बा पळत गेला. माझ्याकडे न बघता. मी मान खाली घालून रस्त्याला लागले. तेव्हा मला बाची लाज वाटली. मालकाची वाटायला हवी होती. ती वाटली नाही. रोह्यापर्यंत हेच मला खात राहिलं.

सेमिनारच्या दिवशी सर म्हणाले, "हं, काय म्हणाला बाप?"

पोरं हसायला तयारच होती. या वेळी मी हसले नाही.

"सर, माझा बा तुमच्या पेपरचं साधन नाय. मी पुस्तकं वाचून आलेय. तुमचं हसून झालं की सुरू करते."

वर्गात कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही. मी वाचत गेले, गुलामांबद्दल कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, काय लिहायचं टाळलं. सर शेवटपर्यंत मोबाईलमध्ये बघत होते. वर्गात सगळ्यांत कमी मार्क मला मिळाले.

मिळू देत. ते शिलालेख मी दुसऱ्यांच्या भाषांतरातून वाचले. आता लॅटिन शिकायला घेतलीय. चुकते, अडखळते, परत बसते. मालकांनी लिहिलेलंही मी सोडणार नाही. सगळं वाचणार. आरोपीचा जबाब वाचतात तसं.